बदक, ससा आणि छातीच्या फिल्मवरचा डाग

सांगलीतल्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते बदक-सशाचं चित्र आलं. मला बदक दिसलं, आठवीतल्या मुलाला ससा दिसला, आणि सासूबाईंना दोन्ही नाही. 'नुसत्या रेघोट्या आहेत' म्हणाल्या. खाली लिहिलं होतं, ससा आधी दिसला तर मेंदूची उजवी बाजू तल्लख. हे खरं का? पूर्वी पाहिलेल्या गोष्टींचा यात काही हात असतो का? आणि सासऱ्यांच्या छातीचा एकच एक्स-रे बघून दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, तोही असलाच प्रकार का?

उजव्या बाजूचं ते वाक्य आधी बाद करा. पहिल्या नजरेला काय दिसलं यावरून कुणाची बुद्धी, स्वभाव किंवा मेंदूची कुठली बाजू कळत नाही. या अफवेच्या आसपास खरं संशोधन आहे ते एवढंच: बदकाचा ससा आणि सशाचं बदक ज्यांना सहज करता येतं, त्यांना एखाद्या वस्तूचे नवेनवे उपयोगही जास्त सुचतात, असं ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांना २०११ मध्ये आढळलं. संबंध होता तो उलटापालट करण्याच्या सहजतेशी. आधी कोण दिसलं याच्याशी नव्हता. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमकं तेच उचललं जे त्यात नव्हतं.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. एकमेकांवर पडलेल्या करड्या सावल्या दिवसभर बघायच्या आणि त्यातून चार ओळींचा रिपोर्ट लिहायचा, हे माझं काम. त्यामुळे तुमचे दोन्ही प्रश्न मला एकाच मुळातून आलेले दिसतात. पूर्वानुभवाचा हात असतो का, तर असतोच, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार आधी लागतो. आपण आधी बघतो आणि मग आठवणीशी ताडून बघतो असं होत नाही. बघण्याच्या क्षणालाच आठवण कामाला लागलेली असते. तयार झालेलं चित्रच आपल्या हाती येतं, म्हणून ते 'समोर होतं तसं' वाटतं.

हे चित्र १८९२ साली म्युनिकच्या 'फ्लीगेन्डे ब्लेटर' या विनोदी साप्ताहिकात आलं. कोणते प्राणी एकमेकांसारखे सगळ्यांत जास्त दिसतात, असा वर गमतीचा प्रश्न होता. पुढे १८९९ मध्ये जोसेफ जॅस्ट्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ते आपल्या लेखात वापरलं आणि तेव्हापासून ते अभ्यासाचं चित्र झालं. कागदावर पाहाल तर बदकही नाही आणि ससाही नाही. एका बाजूला दोन लांबट टोकं, मध्ये एक ठिपका, दुसऱ्या बाजूला एक बारीक खाच. टोकांना चोच धरलं की ठिपक्याचा डोळा त्या बाजूला बघू लागतो आणि खाच निरर्थक होते. टोकांना कान धरलं की तोच डोळा तोंड फिरवतो आणि खाचेचं तोंड होतं. शाई एक केसभरही हललेली नसते.

मग कुणाला काय आधी दिसावं हे ठरतं कशावर? झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारात केलेली एक साधी पाहणी मला फार आवडते. ती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. येणाऱ्या लोकांना हेच चित्र ईस्टरच्या रविवारी दाखवलं, आणि ऑक्टोबरमधल्या एका रविवारी परत तिथंच दाखवलं. ईस्टरला बहुतेकांनी ससा सांगितला, ऑक्टोबरमध्ये बहुतेकांनी पक्षी. शहर तेच, दार तेच, चित्र तेच. तिकडे ईस्टरच्या आधी दुकानादुकानांत चॉकलेटचे ससे मांडलेले असतात. एवढा फरक पुरला.

आपल्याकडे हा प्रयोग कोजागरीच्या रात्री करून बघायचा मला फार दिवसांचा मोह आहे. चंद्रावरची ती काळी मैदानं म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच डागांत आपल्याला ससा दिसतो, चीन-जपानलाही ससा दिसतो, आणि युरोपात लोकांना माणसाचा चेहरा. आपल्या पोरांना तो ससा आपोआप सापडत नाही हे विसरू नका. कुणीतरी आजी गच्चीवर बोट करून 'ते बघ कान' म्हणालेली असते. त्यानंतर मात्र आयुष्यभर चंद्राकडे बघून ससा न बघणं जमत नाही.

आता हे मेंदूला करावं का लागतं? कारण डोळ्यांकडून येणारा माल फारच अपुरा असतो. हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या नखाएवढा भाग काय तो तुम्हाला धारदार दिसतो, बाकी सगळं धूसर. शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उमटतं ते सपाट. एकाच सपाट आकृतीला जन्म देणाऱ्या खऱ्या वस्तू असंख्य असू शकतात. त्यातली कोणती, हे ठरवायला मेंदू 'यापूर्वी असं दिसलं तेव्हा काय होतं' याचाच आधार घेतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ मध्ये याला नकळत काढलेला निष्कर्ष म्हटलं. निष्कर्ष काढला हे आपल्याला कळत नाही, फक्त उत्तर दिसतं.

यावर पुढे जे प्रयोग झाले त्यातले दोन माझ्या धंद्याला थेट लागू पडतात. पहिला १९६१ चा, बुगेल्स्की आणि अलाम्पे यांचा. त्यांच्याकडे एक चित्र होतं जे चष्मेवाल्या टकल्या माणसाचं तोंडही वाटे आणि उंदीरही. आधी प्राण्यांची चित्रं दाखवलेल्यांना उंदीर दिसला, चेहरे दाखवलेल्यांना माणूस. अनुभव म्हणजे काही पन्नास वर्षांची पुंजी लागते असं नाही. दोन-चार मिनिटांचाही चालतो.

दुसरा जुना आहे, रॉबर्ट लीपर यांचा, १९३५ चा. तरुणी आणि म्हातारी एकत्र असलेलं चित्र तुम्ही पाहिलं असेल. हिल या व्यंगचित्रकारानं १९१५ मध्ये काढलेली त्याची आवृत्ती सगळ्यांत प्रसिद्ध आहे. लीपर यांनी काही जणांना आधी फक्त तरुणी दिसेल असं बदललेलं चित्र दाखवलं, काहींना फक्त म्हातारी दिसेल असं. मग मूळ दुहेरी चित्र पुढे ठेवलं. जे आधी दाखवलं होतं तेच जवळपास प्रत्येकाला दिसलं. पण आणखी एक गट होता. त्यांना चित्र न दाखवता नुसतं शब्दांत वर्णन सांगितलं होतं. त्यांच्यावर त्या वर्णनाचा म्हणावा असा परिणाम झालाच नाही.

हे मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो, कारण आमच्याकडे पुस्तक पाठ करून येणारे हुशार पुष्कळ असतात. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग आकसला की हृदयाच्या सावलीच्या आतून शिडासारखी एक तिरकी सरळ कडा जाते. हे वाक्य परीक्षेत सगळ्यांना येतं. आणि तीच फिल्म पुढे ठेवली की सगळे 'नॉर्मल' म्हणतात. त्यांची नजर कमजोर नसते. त्यांच्याकडे शब्द असतो पण त्याचं चित्र नसतं. एकदा पेन्सिलीच्या टोकानं कडा दाखवली, शेजारी तशा आणखी दोन फिल्म लावल्या, की पुढच्या आठवड्यात तेच पोर लांबून येतायेता ओळखतं. त्यानंतर त्याला 'पूर्वी मला ही दिसत का नव्हती' याचं उत्तरही देता येत नाही. न दिसण्याच्या अवस्थेत परत जाता येत नाही.

डाल्मेशियन कुत्र्याचं ते काळ्या डागांचं छायाचित्र याच जातीचं. पहिल्यांदा नुसता शाईचा सडा दिसतो. एकदा कुत्रा दिसला की तो कायमचा. मेंदूचे स्कॅन घेऊनही हे तपासलं गेलं आहे. १९९७ च्या एका अभ्यासात अशी काळी-पांढरी दुर्बोध चित्रं लोकांना आधी दाखवली, मग त्यांची मूळ स्पष्ट छायाचित्रं, आणि मग तीच दुर्बोध चित्रं पुन्हा. दुसऱ्या खेपेला चेहरे ओळखणारा मेंदूचा भाग जास्त जागा झाला होता. समोरचे डाग तेच होते.

आता सासूबाईंकडे येतो, कारण घरात त्यांची थट्टा झाली असणार. 'नुसत्या रेघोट्या आहेत' हे तुम्हा तिघांतलं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर आहे. तिथं खरोखरच रेघोट्या आहेत. शिवाय ज्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या त्यांना बदकाची चोच चटकन आठवावी का? चित्रात दोन गोष्टी आहेत हे आधी सांगितलं नाही तर शिकलेसवरलेले प्रौढही बराच वेळ एकाच गोष्टीवर अडून राहतात, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयर्विन रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. (सांगलीत कृष्णेवर जो आयर्विन पूल आहे, त्याच्याशी या आयर्विनचा काही संबंध नाही.) तीन वर्षांच्या मुलांना तर सांगूनही उलटापालट जमत नाही, पाचच्या सुमाराला जमू लागतं. म्हणजे डोळे आणि समोरचं चित्र यांच्या जोडीला 'एकाच आकृतीचे दोन अर्थ असू शकतात' ही समजही लागते.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सिडनी ब्रॅडफर्ड. हा इंग्लंडमधला माणूस तान्हेपणापासून आंधळा होता, आणि वयाच्या ५२ व्या वर्षी बुबुळाच्या शस्त्रक्रियेनं त्याला दृष्टी मिळाली. रिचर्ड ग्रेगरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास केला. काड्या जोडून केलेल्या खोक्यासारखं जे घनाचं चित्र असतं, नेकर या स्विस स्फटिकशास्त्रज्ञानं १८३२ मध्ये वर्णन केलेलं, ते आपल्याला कधी आत गेलेलं, कधी बाहेर आलेलं दिसतं. ब्रॅडफर्डला ते सपाट दिसलं आणि ते उलटलंही नाही. डोळे चालू झाले होते, पण रेघांतून खोली काढायचा अनुभव पाठीशी नव्हता.

तेव्हा सासूबाईंना चित्र समजावून सांगू नका, त्याचा उपयोग नाही हे लीपर सांगून गेलेच आहेत. मोबाइलवर खऱ्या सशाचा एका बाजूनं काढलेला, कान मागे पाडलेला फोटो दाखवा, आणि लगेच हे चित्र दाखवा. बदकाचं दुसऱ्या दिवशी.

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे, नाहीतर 'सगळा आठवणींचाच खेळ' असा समज होईल. तसं नाही. ग्रामीण भारतातल्या जन्मांध मुलांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून त्यांच्या नजरेचा अभ्यास करणारा पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' आहे. दृष्टी आल्यावर लगेचच या मुलांना काही प्रसिद्ध दृष्टिभ्रमांच्या आकृत्या दाखवल्या. बाणाची टोकं आत किंवा बाहेर वळवली की सारख्या रेघा लहानमोठ्या वाटतात, तसल्या. आपण फसतो तशीच तीही फसली. हा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. बघण्याचा काहीच अनुभव नव्हता, तरी भ्रम हजर. म्हणजे काही हिशेब मेंदूच्या बांधणीतच असतात, किंवा निदान त्यांना वर्षानुवर्षांच्या बघण्याची गरज नसते.

आणि जे बांधणीतलं वाटतं तेही कधी कधी वाकतं. प्रकाश वरून येतो, हे आपण इतकं गृहीत धरतो की त्याची जाणीवही नसते. साताऱ्याकडच्या कुठल्याही जुन्या गावात देवळाबाहेर वीरगळ असते. उन्हात तिचा फोटो काढा आणि मोबाइल उलटा धरून बघा. उठावातला योद्धा पुष्कळदा दगडात खणल्यासारखा दिसू लागतो, कारण सावली चुकीच्या बाजूला गेली आणि मेंदूनं सूर्य हलवण्याऐवजी दगड आत ढकलला. हे पक्कं गृहीतक वाटेल; पण २००४ च्या एका प्रयोगात लोकांना हातानं चाचपून उंचवटा की खळगा याचा वेगळा अनुभव दिला, तेव्हा प्रकाश कुठून येतो याबद्दलचा त्यांच्या मेंदूचा अंदाज खरोखर सरकला. स्पर्शानं नजर बदलली. मला या सगळ्या संशोधनात हाच निकाल सगळ्यांत चकित करणारा वाटतो.

आता एक्स-रे. इथं मला एक भेद करायचा आहे, जो मानसशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा पुसट राहतो. आपल्याकडे वेदान्तात दोरीवर दिसणाऱ्या सापाचा दाखला आहे. अंधारात दोरी पडलेली, माणसाला साप दिसला. शंकराचार्य अशा भ्रमाची व्याख्या करताना 'स्मृतिरूपः परत्र पूर्वदृष्टावभासः' म्हणतात. पूर्वी पाहिलेलं आठवणीच्या रूपानं भलत्याच ठिकाणी भासणं. ज्यानं साप कधी पाहिलाच नाही त्याला तिथं साप दिसणार नाही. बाराशे वर्षांपूर्वीची ही व्याख्या आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेत चालेल. पण दोरी-साप आणि बदक-ससा यांत एक मूलभूत फरक आहे. दोरीच्या बाबतीत दिवा आणता येतो, आणि दिवा आणला की एक उत्तर खोटं ठरतं. बदक-सशाला दिवा नाही. तिथं तुम्हीही बरोबर, मुलगाही बरोबर.

छातीची फिल्म ही दोरीच्या जातीची आहे. तिच्यामागे एक खरं फुप्फुस आहे. दोन डॉक्टरांना दोन गोष्टी दिसल्या तर 'ज्याची त्याची दृष्टी' म्हणून सोडून देता येत नाही.

फिल्म फसवी का असते ते बघा. छातीची सगळी जाडी, पाठीच्या कातडीपासून पुढच्या कातडीपर्यंत, एका सपाट पानावर दाबलेली असते. स्तनाग्राची सावली फुप्फुसातल्या गाठीसारखी दिसते. पहिल्या बरगडीचा पुढचा सांधा वयानं कडक झाला की तिथं डाग वाटतो. झोपवून काढलेल्या फिल्मवर कृश म्हाताऱ्या माणसाच्या कातडीची घडी फुप्फुसाची सुटलेली कडा भासते. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे वेणी. खांद्यावरून पुढे आलेली वेणी फुप्फुसाच्या टोकावर पडली की थेट टीबीच्या डागासारखी सावली पडते. म्हणून आमचे टेक्निशियन बायकांना केस वर बांधायला लावतात. माहीत असलेल्या माणसाला ती वेणी वेणीच दिसते, पेडांसकट. माहीत नसलेल्याला डाग दिसतो.

आणि डाग दिसला की आपल्या भागात पहिला विचार टीबीचाच येतो. तो यावाही. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला टीबीचं सॅनेटोरियम होतं. हा सगळा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या या रोगाला ओळखतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजही 'कॉक्स?' असं लिहून येतं. रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं, त्यांचं नाव रोगाला चिकटलं ते चिकटलंच. ती चिठ्ठी वाचून मी फिल्म लावली, तर फुप्फुसाच्या वरच्या टोकातली प्रत्येक शंकास्पद रेघ मला जरा जास्तच गडद दिसणार. ज्या देशात टीबी तुरळक आहे तिथं शिकलेल्या डॉक्टरला त्याच जागी आधी कॅन्सर दिसेल. दोघांचाही अनुभव खरा आहे, पण तो वेगवेगळ्या लोकसंख्येचा आहे. विडी ओढणाऱ्या साठीच्या माणसाच्या डागाला टीबी समजून महिनोन्‌महिने औषधं चालावीत आणि मग तो कॅन्सर निघावा, ही देशभरातल्या छातीच्या डॉक्टरांना दुर्दैवानं चांगली माहीत असलेली गोष्ट आहे.

म्हणून अनुभव वाईट, असं कुणी म्हणू नये. कुंडेल आणि नोडिन यांनी १९७५ मध्ये अनुभवी रेडिऑलॉजिस्टना छातीची फिल्म फक्त २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग दाखवली. डोळा हलवायलाही तेवढा वेळ पुरत नाही. तरी साधारण ७० टक्के दोष त्यांनी पकडले. हे काम एकेक भाग तपासून होत नाही. हजारो निरोगी छात्या बघून नजरेत एक घडी बसलेली असते, आणि तिच्यात जे बसत नाही ते खटकतं.

पण त्याच अनुभवाची दुसरी बाजू २०१३ मध्ये पुढे आली. चोवीस रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि बारीक गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गोरिलाचं एक चित्र मिसळलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. चोवीसपैकी वीस जणांनी गोरिला पाहिलाच नाही. डोळ्यांची हालचाल नोंदणारं यंत्र लावलेलं होतं, त्यावरून कळलं की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावरून गेली होती. या प्रयोगावर लोक हसतात. मला हसू येत नाही. ते लोक निष्काळजी नव्हते, ते गाठ शोधत होते, आणि गाठ पांढरी व गोल असते.

यावर आमच्या धंद्यानं काढलेले उपाय फारसे थोर नाहीत. फिल्म ठरलेल्या क्रमानं बघायची: दोन्ही टोकं, हृदयाच्या मागचा भाग, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखालचा भाग, हाडं, कड. एक दोष सापडला की मन तृप्त होतं आणि दुसरा सुटतो, म्हणून सापडल्यावर पहिल्यापासून परत बघायचं. आणि चिठ्ठी आधी वाचायची की नंतर, यावर आमच्यात खरोखर वाद आहे. आजाराची माहिती नसताना फिल्म वाचणं म्हणजे अर्ध्या माहितीवर मत देणं, असं म्हणणारे बरोबर आहेत. माहितीमुळे एकूण अचूकता वाढतेच. माझी पद्धत अशी, की आधी चिठ्ठी पालथी ठेवून एकदा बघायचं, काय खटकलं ते मनाशी पक्कं करायचं, मग चिठ्ठी वाचून परत बघायचं. यात एखादं मिनिट जास्त जातं. दोन वेळच्या बघण्यात फरक पडला तर तो फरक मला चिठ्ठीनं दिला हे निदान कळतं.

सोनोग्राफीच्या खोलीतही हेच चालतं, फक्त गोड रूपात. पडद्यावर करड्या धुक्यात कसलीशी हालचाल असते आणि शेजारी उभ्या आजी म्हणतात, नाक अगदी आजोबांचं घेतलंय. बहुतेक वेळा त्या क्षणी पडद्यावर मांडी असते. मी काही बोलत नाही.

नावाचाही एक परिणाम आहे, आणि तो तुमच्या सासऱ्यांच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. १९३२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. दोन गोल आणि त्यांना जोडणारी एक रेघ, अशी आकृती लोकांना दाखवली. काहींना दाखवताना 'चष्मा' म्हटलं, काहींना 'डंबेल'. नंतर आठवणीनं काढायला सांगितलं, तर एका गटाच्या चित्रात चष्म्याची वाकडी दांडी आली आणि दुसऱ्याच्या चित्रात जाड मूठ. दिलेलं नाव आठवणीत शिरलं आणि आठवणीनं आकृती बदलली. रिपोर्टचंही असंच होतं. कुणीतरी एकदा 'जुन्या टीबीचा व्रण' लिहिलं की पुढच्या फिल्म बघणारा प्रत्येक जण तो व्रण म्हणूनच बघतो, पुढच्या रिपोर्टमध्ये तेच शब्द उतरतात, आणि तो डाग दर वर्षी थोडा वाढतोय हे बघायचं राहून जातं. यावर औषध म्हणून जुना रिपोर्ट पुरत नाही. जुनी फिल्म लागते.

तेव्हा सासऱ्यांबद्दल. फिल्म न बघता मी मत देणार नाही, पण मतं दोन का झाली याची कारणं शोधता येतात. दोघांनीही खरी फिल्म किंवा मूळ डिजिटल प्रतिमा बघितली का? ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला मोबाइलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर त्यात करड्या छटांचा फरक उडतो, वर दिव्याची चकाकी येते. तसल्या फोटोवरून दिलेलं मत मोजू नका. दोघांपैकी एकालाच जुनी फिल्म दाखवली होती का? एकाला 'तीन आठवडे खोकला आहे' सांगितलं आणि दुसऱ्याला 'नेहमीची तपासणी' असं झालं का? यांतलं काहीही घडलं असेल तर दोन मतं होण्यात नवल नाही.

मग दिवा आणा. कपाटामागच्या पिशवीतल्या सगळ्या जुन्या फिल्म काढा, दहा वर्षांपूर्वीची असली तरी. आजचा डाग तेव्हाही तेवढाच होता का, या एका प्रश्नानं निम्मे वाद मिटतात. घट्ट गाठ दोन वर्षं तशीच असेल तर ती बहुधा निरुपद्रवी, हा जुना आडाखा आजही वापरात आहे. टीबीचा संशय असेल तर फिल्मवर भांडत बसण्यापेक्षा थुंकीची जनुकीय तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. डाग संशयास्पद वाटला तर सीटी सांगतील, तो टाळू नका. विडी-सिगारेटची सवय होती की नाही, हे विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

आणि तिसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आधीच्या दोघांचे रिपोर्ट पहिल्याच मिनिटाला टेबलावर ठेवू नका. आधी तक्रार सांगा, फिल्म द्या, जुन्या फिल्म द्या आणि त्यांना शांतपणे बघू द्या. त्यांनी आपलं मत सांगितलं की मग ते दोन रिपोर्ट काढा. कोणतेही रिपोर्ट लपवून मात्र ठेवू नका. नंतर का होईना, दाखवायचेच.